साप वाचवायचा, तर आधी माणूस वाचवा

(धाकटी डहाणू येथील बैठकीत झालेले भाषण. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)



आजच्या बैठकीला एका बाजूला दर्यावर जाणारे मांगेला आणि कोळी बांधव बसले आहेत, दुसऱ्या बाजूला चिकूच्या वाड्या करणारे बागायतदार आणि मागे तलासरीकडून पहाटेच्या गाडीने आलेले वारली भाऊ-बहिणी. तिघांचे प्रश्न वेगळे, भाव वेगळे, बाजार वेगळे. आज मी अशा विषयावर बोलणार आहे, जो तिघांच्याही घरात शिरतो आणि दार वाजवत नाही.

आपल्याकडे रात्री त्याचं नाव घेत नाहीत. म्हातारी माणसं 'जनावर' म्हणतात, 'लांबडं' म्हणतात. कुणाला चावला, तर 'पान लागलं' म्हणतात. मी आज सरळ नाव घेणार आहे. साप. कारण ज्याचं नाव घ्यायची भीती वाटते, त्याचा हिशेब कधी मांडला जात नाही. आणि हिशेब मांडला नाही, की नुकसान आपल्याच अंगावर पडतं, हे एवढ्या वर्षांत आपण शिकलो आहोत.

माझी गोष्ट आधी

शहरातून कुणी येऊन 'साप शेतकऱ्याचा मित्र' असं सांगितलं, की मला पूर्वी राग यायचा. त्याचं कारण सांगतो.

मी दहा-अकरा वर्षांचा होतो. माझा धाकटा भाऊ सात वर्षांचा. पावसाळ्याचे दिवस. आम्ही सगळे जमिनीवर गोधडी टाकून झोपायचो. पहाटे तो उठला आणि पोटात दुखतं म्हणाला. आईने ओवा दिला. थोड्या वेळाने त्याच्या पापण्या मिटायला लागल्या. आम्हाला वाटलं, झोप येते आहे. मग त्याला बोलता येईना, थुंकी गिळता येईना. तेव्हा आजीच्या लक्षात आलं. भगताला बोलावलं. त्याने मंत्र घातला, पाला चोळला. सूर्य कासराभर वर येईपर्यंत पोरगं गेलं. अंगावर कुठे जखम दिसली नाही. संध्याकाळी भिंतीच्या कडेला काळा, पांढऱ्या पट्ट्यांचा साप दिसला. मण्यार. कोकणात काही ठिकाणी कांडर म्हणतात तो.

त्या दिवसानंतर मी वीस वर्षं साप मारले. दिसला की मारला. काठी कायम दाराशी. आज हात छातीवर ठेवून सांगतो, त्या वीस वर्षांत मी मारले ते बहुतेक धामणी, दिवड, नानेट्या आणि कवडे. धामण दिवसा फिरते, लांब असते, दिसते, म्हणून ती मेली. मण्यार रात्री फिरते, ती मला एकदाही सापडली नाही. ज्याने भावाला मारलं, त्याला मी हातही लावू शकलो नाही. ज्यांनी काही केलं नव्हतं, त्यांचा मी सूड घेत होतो.

आणि माझ्या खळ्याचं काय झालं? बांध उंदरांनी पोखरले. भाताची कणगी खालून फोडली. घुशींनी गडग्याखाली बिळं केली. मी उंदराचं औषध विकत आणायला लागलो. धामण हे काम फुकट करत होती. मी तिला मारलं आणि दुकानदाराला पैसे दिले. शेतकऱ्याचा उत्पादन खर्च कसा वाढतो, याचं याहून सोपं उदाहरण मला सापडलेलं नाही.

मारून साप संपतात का?

कुणी म्हणेल, तू एकट्याने मारले, सगळ्यांनी मिळून मारले असते तर संपले असते. हाही प्रयोग होऊन गेला आहे. इंग्रजांच्या काळात रत्नागिरी जिल्ह्यात फुरशांचा फार उपद्रव होता. सरकारने मारलेल्या फुरशामागे बक्षीस लावलं. १८६२ साली बक्षीस वाढवल्यावर आठवडाभरात लाखाहून जास्त फुरशी मारून आणल्याची नोंद गॅझेटिअरमध्ये आहे. एका जिल्ह्यात, एका आठवड्यात. आणि आज? कोकणात कातळावर, गवतात, दगडाखाली फुरसं आहेच. दीडशे वर्षांपूर्वी लाख मारून जे संपलं नाही, ते तुमच्या माझ्या काठीने संपणार नाही.

तेव्हा साप राहणार, हे धरून चालायचं. प्रश्न एवढाच, की त्याच्या शेजारी आपण जिवंत कसं राहायचं.

देशात सापांच्या तीनशेहून अधिक जाती आहेत. त्यातले बहुसंख्य बिनविषारी. माणसं मरतात ती मुख्यतः चार सापांनी: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. नाग फणा काढतो, त्याला सगळे ओळखतात. घोणस जाड, अंगावर साखळीसारखे ठिपके, आणि कुकरच्या शिट्टीसारखा मोठा फुत्कार टाकते. पुष्कळ लोक तिला अजगराचं पिल्लू समजून हात घालतात आणि मरतात. फुरसं वीतभर, फार तर हातभर, वेटोळं करून अंगावर अंग घासतं, करवतीसारखा आवाज येतो. मण्यारीचं आत्ताच सांगितलं. हे चार ओळखले, तर उरलेल्यांना मारायचं कारण राहत नाही. आणि ओळखता आला नाही, तर लांब राहायचं. ओळख पटवण्यासाठी जवळ जाऊ नये.

दर्यावरच्या भावांसाठी एक वेगळी गोष्ट. जाळ्यात मासळीबरोबर समुद्र साप येतात. त्यांचं विष फार जहाल, पण स्वभाव भांडखोर नाही, म्हणून पुष्कळ खलाशी त्यांना हातानेच उचलून टाकतात. तसं करू नका. काठीने किंवा फावड्याने पाण्यात सोडा. कारण आपल्या देशात मिळणारी सर्पदंशाची लस या चार जमिनीवरच्या सापांच्या विषापासून होते. समुद्र सापावर ती चालत नाही. अंग दुखायला लागलं, लघवी काळपट झाली, श्वास जड झाला, तर वेळ न घालवता मोठं रुग्णालय गाठायचं. तिथे श्वासाला आणि मूत्रपिंडाला यंत्राचा आधार देऊन माणूस वाचवता येतो.

मरतो कोण?

आता हिशेबाकडे येऊ. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं मेली, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासातून निघाला. वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यात चौथा हिस्सा पंधरा वर्षांच्या आतली मुलं. बहुतेक मृत्यू खेड्यात, निम्मे पावसाळ्यात, आणि पुष्कळसे दवाखान्यात नव्हे, घरी.

मंडळी, एवढी माणसं विमान पडून मेली असती, तर किती चौकश्या बसल्या असत्या? जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घातलं. दुर्लक्षित हा शब्द नीट ऐका. औषध नाही म्हणून दुर्लक्षित नव्हे. औषध शंभर वर्षांहून अधिक काळ माहीत आहे. मुंबईत परळला हाफकिन संस्था आपल्या डोळ्यांसमोर आहे, घोड्याच्या रक्तापासून लस करण्याची विद्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. तामिळनाडूत इरुळा आदिवासींची सहकारी संस्था १९७८ पासून आहे. सापाचं विष काढायचं, साप परत सोडायचा, आणि विष लस करणाऱ्या कंपन्यांना विकायचं, हा धंदा ते सन्मानाने करतात. त्यांच्यातल्या दोघांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. औषध आहे, ज्ञान आहे, माणसं आहेत. तरी माणूस मरतो, कारण मरणारा शेतात असतो आणि औषध शहरात.

हा भाग तर याचा जुना साक्षीदार आहे. १९४५ साली तलासरीच्या झरी गावापासून वारल्यांचा लढा सुरू झाला. त्या लढ्यात गवत कापणीच्या मजुरीचा दर मागितला होता. गवत जायचं मुंबईला. त्या गवतात हात घालणाऱ्याला जनावर लागलं, तर त्याचा दर मात्र कुणी कधी धरला नाही. आजही धरलेला नाही.

रात्रीची लाईट

घाटावरच्या आपल्या भावांची हकिगत यात मिळवा. शेतीच्या पंपाला वीज पाळीने मिळते. आठवड्यात काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. ऊस असो, गहू असो, हरभरा असो, रात्री लाईट आली की शेतकरी बॅटरी घेऊन पाणी वळवायला निघतो. पायात तुटकी चप्पल. ओल्या सरीत बेडूक येतात, बेडकामागे साप येतो, आणि अंधारात शेतकऱ्याचा पाय त्याच्यावर पडतो. आता सांगा, या चाव्यात सापाचा दोष किती आणि वेळापत्रक ठरवणाऱ्याचा किती?

दिवसा वीज द्यावी ही मागणी आपण किती वर्षं करतो आहोत. सौर कृषी वाहिनी योजना २०१७ साली आली, २०२३ साली तिचा दुसरा टप्पा आला. जिथे ती पोचली तिथे शेतकरी दिवसा पाणी देतो. जिथे पोचली नाही, तिथे तो अजून रात्री जातो. डहाणूच्या खाडीकाठी १९९५ पासून ५०० मेगावॅटचं औष्णिक केंद्र उभं आहे. त्याची वीज मुंबईच्या उपनगरांत जाते. तिथे रात्री कुणाला बॅटरी घेऊन पाणी वळवायला जावं लागत नाही. दिवसा वीज ही सापाच्या रक्षणाचीही मागणी आहे. हे सर्पमित्रांनी आपल्याबरोबर उभं राहून मागितलं पाहिजे.

डहाणूने काय करून दाखवलं

फक्त तक्रार करून थांबत नाही. याच डहाणू तालुक्यात एक चांगलं काम झालं आहे आणि ते आपल्यालाच नीट माहीत नाही. परळच्या राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्थेच्या डॉक्टरांनी राज्याच्या आरोग्य खात्याबरोबर इथे सर्पदंशावर काम केलं. डहाणूच्या उपजिल्हा रुग्णालयातल्या २०१४ सालच्या नोंदी तपासल्या. बहुतेक चावे पायाला, आणि बहुतेक माणसं कामाच्या वयाची.

मग त्यांनी काय केलं? नवी इमारत बांधली नाही. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना शिकवलं, की लस कधी द्यायची, किती द्यायची, अंगावर पुरळ आलं किंवा धाप लागली तर काय करायचं. परिचारिकांना, आशा ताईंना शिकवलं. आणि सगळ्यात शहाणपणाची गोष्ट म्हणजे भगतांना हाकललं नाही, त्यांनाही बरोबर घेतलं. भगताचा मान राहू दे, पण त्याने रोग्याला अडकवून न ठेवता लगेच दवाखान्यात पाठवावं, हे त्यांना समजावलं. २०१४ साली दंश झालेल्या शंभरात चारपेक्षा जास्त माणसं दगावत होती, ते प्रमाण २०१७ पर्यंत एकाच्याही खाली आलं.

माझा भाऊ गेला तेव्हा भगतावर माझा राग होता. आता नाही. त्या रात्री आमच्या पाड्यावर येणारा तो एकटाच होता. डॉक्टर आला नव्हता, गाडी आली नव्हती. माणूस ज्याच्या हाकेला ओ मिळते त्यालाच हाक मारतो.

पुढे बऱ्याच वर्षांनी माझ्या घरात पुन्हा पान लागलं. बायको पेंढा काढत होती, फुरसं बोटाला चावलं. या वेळी आम्ही सरळ जवळचा दवाखाना गाठला. तिथे सांगितलं, लस संपली आहे, पुढे जा. पुढच्या ठिकाणी पोचेपर्यंत हिरड्यांतून रक्त यायला लागलं होतं. ती वाचली. पण रस्त्यातला तो तास मी विसरणार नाही. आम्ही आमचं काम केलं होतं. व्यवस्थेने तिचं केलं नव्हतं.

भरपाईचा भाव

माणूस मेल्यावरचा हिशेब बघा. वाघाने, बिबट्याने, रानडुकराने माणूस मारला तर वनखात्याकडून वारसांना लाखांत भरपाई मिळते. ती मिळालीच पाहिजे. साप हाही कायद्याने वन्यप्राणी. १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली त्याला मारणं, पकडून ठेवणं, खेळवणं गुन्हा आहे. पण त्याने माणूस मारला तर भरपाईच्या यादीत साप नाही. म्हणजे साप मारला तर तो सरकारचा, आणि सापाने मारलं तर तो कुणाचाच नाही! केरळमध्ये सर्पदंशाच्या मृत्यूला सरकार भरपाई देतं. तिथला साप वन्यप्राणी, आणि इथला नाही काय?

आपल्याकडे गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत सर्पदंश धरला आहे, मृत्यूला दोन लाख रुपये मिळतात. पण त्यासाठी सातबारा लागतो. खातेदार आणि त्याच्या घरातला एक माणूस, एवढ्यांनाच ती लागू. गवत कापणारी मजूर बाई, वीटभट्टीवर गेलेलं वारली कुटुंब, बोटीवरचा खलाशी, यांचं काय? साप चावताना सातबारा तपासत नाही.

ज्यांना ती लागू आहे त्यांनी एवढं लक्षात ठेवा. दंश झाला की दवाखान्याच्या कागदावर 'सर्पदंश' लिहून घ्या. दुर्दैवाने माणूस गेला, तर शवविच्छेदन टाळू नका, आणि लवकरात लवकर तालुका कृषी अधिकाऱ्याकडे अर्ज द्या. घरीच मेलेला माणूस सरकारच्या वहीत सर्पदंशाने मरतच नाही.

आपण काय करायचं

मागण्या सरकारकडे. पण काही कामं आपल्या हातची आहेत, त्याला शासन निर्णय लागत नाही.

घरात जमिनीवर झोपणं टाळा. खाट नसेल तर मच्छरदाणी लावा आणि तिच्या कडा अंथरुणाखाली खोचा. डास जातो आणि मण्यारही. माझ्या भावाला एक मच्छरदाणी पुरली असती.

लाकडं, गोवऱ्या, पेंढ्याची उडवी भिंतीला लावून रचू नका. कोंबड्यांचं खुराडं झोपण्याच्या जागेपासून लांब ठेवा. घराजवळचं उष्टं-खरकटं उंदीर आणतं, आणि उंदीर सापाला. वाडीतला पालापाचोळा उचलताना आधी काठीने हलवा, मग हात घाला. रात्री बाहेर जाताना बॅटरी, आणि पावसाळ्यात शेतात गमबूट. एका बुटाच्या जोडीला पैसे पडतात, हे मला माहीत आहे. एका सर्पदंशाला किती पडतात, तेही माहीत आहे.

पान लागलंच तर आवळून बांधू नका, चिरा देऊ नका, तोंडाने ओढू नका, बर्फ लावू नका. अंगठी, पैंजण, बांगड्या काढा. हात किंवा पाय फळीला हलका बांधून स्थिर ठेवा. रोग्याला चालवू नका. १०८ ला फोन करा, गाडी यायला वेळ लागत असेल तर मिळेल त्या गाडीने निघा. साप मारून दवाखान्यात नेण्याची गरज नाही. डॉक्टर लक्षणांवरून उपचार करतो, आणि मेलेल्या सापाच्या नादात आणखी एकाला चावा बसतो. पहाटे पोटात दुखून पापण्या जड झाल्या, तर जखम दिसो न दिसो, मण्यार समजून निघा.

घरात साप आला तर लांब उभं राहून नजर ठेवा आणि वनखात्याच्या १९२६ क्रमांकावर कळवा. डहाणूत वन्यजीवांचं काम करणाऱ्या संस्थेची पोरं रात्री-अपरात्री साप सोडवायला जातात, त्यांचे आभार. पण गावातल्या हौशी पोरांना सांगतो, नाग गळ्यात घालून फोटो काढणं म्हणजे सर्पमैत्री नव्हे. पुण्याच्या नीलिमकुमार खैरे यांनी १९८० साली ७२ विषारी सापांबरोबर ७२ तास काढले, ते साप विनाकारण चावत नाही हे लोकांना पटवण्यासाठी. त्या मागे वर्षांचा अभ्यास होता.

आणि धामण गाईचं दूध पिते, नाग डूख धरतो, मांडुळाला दोन तोंडं असतात आणि ते धन दाखवतं, हे सोडून द्या. सापाला दूध पचत नाही. मांडुळाच्या नावाने धन मिळतं ते फसवणाऱ्या दलालालाच.

ठराव

शेवटी चार मागण्या मांडतो, त्यावर हात वर करा. एक, जिल्ह्यातल्या प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात बारमाही लस आणि ती द्यायला शिकलेला डॉक्टर, आणि किती लस शिल्लक आहे याची पाटी दारावर. दोन, शेतीला दिवसा वीज. तीन, सर्पदंश वन्यप्राण्यांच्या भरपाईत धरावा, आणि त्याला सातबाऱ्याची अट नको. चार, प्रत्येक दंशाची नोंद व्हावी. केंद्राने २०२४ साली राज्यांना ते सांगितलं आहे आणि २०३० पर्यंत मृत्यू निम्मे करण्याचा आराखडाही काढला आहे. आराखडा दिल्लीत राहिला, तर सापाला तो वाचता येत नाही.

हे मिळालं, तर आपल्याकडून मी शब्द देतो. दाराशी ठेवलेली काठी मी केव्हाच मोडली आहे. गेल्या पावसाळ्यात खळ्यावर धामण आली. नातू ओरडला, "आजोबा, मारा!" मी त्याला जवळ बसवलं. ती कणगीखाली गेली आणि थोड्या वेळाने उंदीर तोंडात धरून बांधाकडे निघून गेली. नातू म्हणाला, "ही आपलीच आहे काय?" मी म्हटलं, "आपली नाही. पण शेजारी आहे."

शेजाऱ्याशी प्रेम असलंच पाहिजे असं नाही. त्याची वाट त्याला, आपली आपल्याला, आणि मधे उजेड. एवढं जमलं तरी पुष्कळ.